वस्ती बसते कशी आणि उठते कशी

समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या वस्त्या शहरात कोठे बसतात, तेथून त्या का उठतात आणि पुढे कोठे जातात, हा आजचा विषय आहे. कामगार चळवळीत हयात घालवलेल्या माणसाने तो घ्यावा याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या ट्यूबलाइटखाली वाचले. पण तीस वर्षे कामगारांच्या खोल्याखोल्यांतून फिरल्यामुळे एक गोष्ट आम्हांला कळली आहे. शहर समजून घ्यायचे तर कारखान्याच्या फाटकाकडे पाहावे तितकेच भाड्याच्या खोलीकडेही पाहावे लागते. तेवढ्या शिदोरीवर हा विषय मांडीत आहोत.

प्रथम शब्दांविषयी. ज्या पुरुषाचे मन पुरुषावर किंवा ज्या स्त्रीचे मन स्त्रीवर जडते, ती माणसे समलिंगी. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली पण जीव बाईचा आहे, किंवा याच्या उलट आहे, अशा माणसांना आपल्याकडे तृतीयपंथी म्हणण्याची रीत पडली आहे. त्यांतील जी गुरू करून घराण्यात राहतात त्यांना हिजडा म्हणतात. हे शेवटचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. त्या समाजात ते जमातीचे नाव आहे, आणि येथे त्याच अर्थाने ते आले आहे.

आता वस्ती कशी बसते ते पाहू. आपल्या रावेतचेच उदाहरण घ्या. पवनेच्या काठचे हे गाव. येथल्या बंधाऱ्यावरून उचललेले पाणी शहर पिते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. एवढे सारे होईतो रावेत शेतीचेच गाव होते. कामगार राहत असे तो आकुर्डीला, चिंचवडला, भोसरीला. एका खोलीत सहा-सहा जण, तीन पाळ्यांचे. एकाचे अंथरूण गरम असतानाच दुसरा येऊन त्यावर निजे. पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, द्रुतगती मार्ग झाला, आणि रावेतच्या शेतांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. साधा कामगार मात्र भाडे परवडेल तिकडे सरकत राहिला. चिखलीला गेला, तळवड्याला गेला, चाकण-महाळुंग्याला गेला. त्याला कोणी काठी घेऊन हाकलले नाही. घरमालकाने फक्त भाडे वाढवले.

यावरून एक साधा नियम निघतो. वस्ती बसायला तीन गोष्टी एके ठिकाणी याव्या लागतात. पहिली, जवळपास पोटापुरते काम. दुसरी, परवडेल अशी खोली. तिसरी, नको ते न विचारणारा शेजार. पुष्कळांना वाटते की कामगाराला पहिल्या दोन पुरतात. तिसरीची किंमत गावाहून आलेल्या दलित कामगाराला विचारावी. 'आडनाव काय?' या एका प्रश्नापायी त्याच्या हातून किती खोल्या गेल्या, हे तो बोटांवर मोजून सांगेल. समलिंगी माणसाची अडचण याच जातीची आहे. तिला आणखी एक पदर आहे एवढेच. दलित कामगाराला दार लावून घेतल्यावर घरात आपली माणसे भेटतात. याला घरातच लपावे लागते. म्हणून आपल्याला जी गोष्ट तिसरी वाटते, ती याच्या बाबतीत पहिली होऊन बसते.

या नियमाचे पुष्कळ अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचे आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागराकडे जाणाऱ्या सैन्याचे ते मोठे बंदर होते. समलिंगी ठरवून लष्करातून काढलेल्या कित्येक शिपायांना तेथेच सोडून देण्यात आले. कपाळी शिक्का घेऊन गावी परतण्यापेक्षा त्यांनी बंदरातच राहणे पत्करले. त्यांचे अड्डे आरंभी नॉर्थ बीच भागातल्या दारूच्या दुकानांत होते. तृतीयपंथी आणि घरातून हाकललेली मुले टेंडरलॉइन या स्वस्त लॉजांच्या भागात राहत. पोलिसांच्या जाचाला कंटाळून १९६६ च्या ऑगस्टमध्ये तेथल्या एका उपाहारगृहात त्यांनी दंगा केला. न्यूयॉर्कचे स्टोनवॉलचे प्रकरण जगाला ठाऊक झाले ते १९६९ चे. हे त्याच्या तीन वर्षे आधीचे. पुढे गर्दी पोक स्ट्रीटला सरकली आणि १९७० नंतर ती कॅस्ट्रो नावाच्या भागात गेली.

कॅस्ट्रोच का? तर तो आयरिश, जर्मन आणि स्कँडिनेव्हियन कामगारांचा मोहल्ला होता. बंदराचे आणि कारखान्यांचे काम शहरातून उठू लागले, तशी ती कुटुंबे उपनगरांत गेली. जुनी लाकडी घरे रिकामी पडली आणि भाडी उतरली. म्हणजे एका वस्तीचे उठणे हेच दुसऱ्या वस्तीचे बसणे ठरले. तेथेच हार्वी मिल्क या गृहस्थाने १९७३ च्या सुमारास कॅमेऱ्याचे दुकान मांडले. त्याच सुमारास बीअरच्या गाड्या चालविणाऱ्या ड्रायव्हरांचा संप चालू होता आणि एक मोठी कंपनी युनियनशी करार करायला नकार देत होती. युनियनचे पुढारी मिल्ककडे गेले. मिल्कने समलिंगींच्या बारमधून त्या कंपनीची बीअर उठवून दाखवली आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली: आमच्या माणसांनाही ड्रायव्हर म्हणून कामावर घ्या. खोलीच्या जोरावर काम मागण्याचा हा व्यवहार आम्हांला फार शिकवून गेला. १९७७ मध्ये मिल्क नगरसभेवर निवडून आला. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा खून झाला.

पण ज्यांनी ती घरे रंगवली, दुरुस्त केली, त्यांच्याच मेहनतीने ती महाग झाली. १९८१ नंतर एड्सने त्या गल्ल्यांतली पुष्कळ माणसे नेली. भाडी चढत गेली, आणि जो गरीब समलिंगी तरुण पूर्वी तेथे येऊन खोली धरीत असे, त्याला ती दारे बंद झाली. न्यूयॉर्कला हीच चाल ग्रीनिच व्हिलेजकडून चेल्सीकडे आणि तेथून हेल्स किचनकडे झाली. लंडनला अर्ल्स कोर्टकडून सोहोकडे आणि पुढे व्हॉक्सॉलकडे. मुंबईचे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या पडल्या, जमिनींवर मॉल आणि मनोरे आले, आणि गिरणी कामगाराची मुले विरार-कल्याणच्या पलीकडे गेली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा, कारण सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे. वस्ती दोन कारणांनी उठते. एक पांगणे, दुसरे हुसकले जाणे. शहरात कोठेही निर्धास्त राहता येऊ लागले की माणसे आपण होऊन पांगतात. कोणी आईबापांजवळ जातो, कोणी कामाच्या ठिकाणाजवळ जातो. हे सुखाचे लक्षण आहे. भाडे, पोलीस किंवा शेजारी यांच्या दडपणाने माणसे उठतात ते हुसकले जाणे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते: कालचा अड्डा आज ओस पडला. पण त्याचा अर्थ लावायचा तर गेलेली माणसे कोठे गेली आणि तेथे त्यांना नाव सांगून राहता येते का, हे विचारले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या शहरांत कॅस्ट्रोसारखी वस्ती का झाली नाही? एक तर आपला तरुण लग्न होईपर्यंत, आणि झाल्यावरही, बापाच्या घरात राहतो. भाड्याची खोली मिळते ती कुटुंबाकडे, जातीकडे, गावाकडे पाहून. वर १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम डोक्यावर टांगलेले होते. एकट्या बाईला तर खोली मिळणे मुळातच कठीण, आणि तिची मजुरीही कमी. म्हणून स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांची वस्ती डोळ्यांना दिसलीच नाही. त्या नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत 'मैत्रिणी' म्हणून राहिल्या. परिणाम असा झाला की आपल्याकडे जागेची वस्ती न होता वेळेची वस्ती झाली. बागेतले एक बाकडे संध्याकाळी सात ते नऊ एवढ्यापुरते त्यांचे; उशिराच्या लोकलचा एखादा डबा दोन स्टेशनांपुरता त्यांचा. पुणे विद्यापीठात अध्यापन केलेले आर. राज राव यांची २००३ ची इंग्रजी कादंबरी 'द बॉयफ्रेंड' चर्चगेट स्टेशनावरच सुरू होते, ते उगाच नव्हे. अशा वस्तीला भाडे पडत नाही. पण पोलिसाच्या एका शिट्टीने ती उठते.

याला एक अपवाद होता, तो हिजड्यांच्या घराण्यांचा. मराठेशाहीत या समाजाला भिक्षेचा हक्क आणि काही ठिकाणी इनामजमिनीही होत्या, आणि तो हक्क गुरूकडून चेल्याकडे चालत येई. पुणे प्रांतातल्या कागदपत्रांत त्याच्या नोंदी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने हे हक्क पुढे चालवण्यास नकार दिला. ज्याची जमीन आणि सनद गेली त्याला शहराची वाट धरण्यावाचून काय उरते? शहरात गुरूचे घर हेच त्याचे काम, हीच खोली आणि हाच शेजार. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एका उंबऱ्याआड आल्या. त्याची किंमतही होती. कमाईचा वाटा गुरूला द्यावा लागे आणि घर सोडणाऱ्याला दंड बसे. मुंबईच्या घराण्यांत पूनावाला, भेंडीबाजार अशी नावे आहेत. ज्या गावावरून, ज्या बाजारावरून ती पडली तेथून माणसे केव्हाच हलली. नाव तेवढे त्यांनी बरोबर नेले. ही घरे बहुधा कामाठीपुऱ्यासारख्या किंवा पुण्याच्या बुधवार पेठेसारख्या भागांत टिकली, कारण जेथे सभ्य माणूस राहायला नाक मुरडतो तेथेच नको ते कोणी विचारीत नाही. आता त्या पेठांतल्या जमिनीलाही सोन्याचा भाव आला आहे, आणि नाक मुरडणारेच तेथे इमारती बांधू पाहत आहेत.

१९९० नंतर चित्र पालटू लागले. त्या वर्षी मुंबईत अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. सरकारी छपराखाली, दिवसाउजेडी, नाव सांगून बसता येईल अशी ती जागा होती. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला. मुंबईत २००८ च्या १६ ऑगस्टला ऑगस्ट क्रांती मैदानातून मोर्चा निघाला, पुण्यात पहिला मोर्चा २०११ मध्ये. न्यायालयाचे काटे या काळात पुढेमागे होत राहिले: २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ कलमाचा फास सैल केला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा आवळला, २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते ते कलम गेले. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा हक्क मात्र त्याच न्यायालयाने नाकारला.

त्याच सुमारास खिशात फोन आला, आणि बागेतले बाकडे फोनमध्ये गेले. भेटी ठरवायला आता जागा लागत नाही. पोलिसाची भीती कमी झाली, पण फसवून लुटणारे नवे निघाले. आणखीही एक नुकसान झाले, ते आमच्यासारख्याला चटकन दिसते. बाकड्यावर बँकेतला कारकून आणि वर्कशॉपमधला हेल्पर शेजारी बसत. फोनवर प्रत्येक जण आपल्या वर्गाचा, आपल्या भाषेचा माणूस निवडतो. ज्याला इंग्रजी लिहिता येत नाही, तो तेथेही दाराबाहेर उभा राहतो. परक्याच्या पैशावर उभ्या केलेल्या जागांचाही भरवसा नाही. तृतीयपंथीयांसाठी पुण्यात चाललेले मित्र क्लिनिक २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेची मदत थांबताच बंद झाले.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ जणांनी 'इतर' असे नोंदवले. यांतील माणसे कामाच्या शोधात कारखान्यांच्या शहरांकडे येणारच. २०२२ मध्ये आपल्या महानगरपालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून, उद्यानांत आणि ग्रीन मार्शल पथकात काम दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण काम ही तीन गोष्टींतली एकच. केरळात कोची मेट्रोने २०१७ मध्ये एकवीस तृतीयपंथीयांना नोकरी दिली. देशभर कौतुक झाले. थोड्याच दिवसांत त्यांतल्या आठ जणांनी काम सोडले. कारण काय? शहरात त्यांना कोणी खोली देईना. लॉजवर राहायचे तर पगार लॉजमध्येच संपे. मेट्रोने दिलेली नोकरी घरमालकाने काढून घेतली, असेच म्हणावे लागेल.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःचे माप पदरात घातले पाहिजे. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पट्ट्यातल्या एका कारखान्यात एक तरुण सीएनसी ऑपरेटर आमचा सभासद होता. हाताचा कसबी, हजेरी चोख, वर्गणी वेळेवर. खोलीतल्या सोबत्यांना त्याच्या पेटीत एका मित्राचे पत्र सापडले. त्यांनी रात्रीच्या रात्री त्याची पेटी रस्त्यावर ठेवली. तो युनियनच्या कचेरीत आला आणि दोन रात्री बाकावर निजला. "भाऊ, मी काही चोरी केलेली नाही," एवढेच तो म्हणाला. आम्ही त्याला सांगितले की खोलीतले भांडण युनियनच्या कक्षेत येत नाही. थोडे दिवस गावी जाऊन ये, सारे निवळेल. तो गेला. गैरहजेरीबद्दल त्याला कंपनीची नोटीस निघाली आणि पुढे पटावरून नाव गेले. दारू पिऊन पडलेल्या सभासदाच्या गैरहजेरीसाठी आम्ही कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. या चोख माणसासाठी एक अर्जही केला नाही. त्याला गावी जायला आम्हीच सांगितले होते, आणि गाव हीच जागा अशी होती की जेथे त्याला जाता येत नव्हते. तो पुढे कोठे गेला, ते आम्हांला कधी कळले नाही. वस्ती हुसकली जाणे म्हणजे काय, याचा पाठ पुस्तकात वाचण्याआधी आम्ही असा गिरवला होता, आणि तोही हुसकणाऱ्याच्या बाजूने.

म्हणून रावेतच्या श्रोत्यांसमोर मुद्दाम बोलत आहोत. रावेत हे आज नव्याने बसणारे गाव आहे. येथे पाटलाची आळी आणि चावडी जुनी. बाकी सारे आपण दहा-पंधरा वर्षांत आलेले, कोणी लातूरहून, कोणी जळगावहून, कोणी बिहारमधून. पूर्वी नको ते न विचारणारा शेजार शोधायला माणसे बदनाम पेठांत जात. आज तो शेजार आपल्या गृहरचना संस्थेच्या जिन्यात मिळतो की नाही, यावर वस्तीचे पुढचे सरकणे ठरणार आहे. संस्थेच्या सभेत ठराव येतो: 'अविवाहितांना सदनिका भाड्याने देऊ नये.' हात वर होतात, चहा येतो, सभा संपते. त्या ठरावाने कोणाकोणाची पेटी रस्त्यावर आली, याची नोंद इतिवृत्तात होत नाही. तृतीयपंथीयांना घर नाकारण्यास २०१९ च्या कायद्याने मनाई केली. पण घर नाकारणारा कारण कधी सांगतो का? 'आजच दुसरी पार्टी आली,' असे दलाल फोनवर सांगतो आणि कायदा दाराबाहेर राहतो.

आमची सूचना मोठी नाही. सभेत असा ठराव आला तर एकाने उठून 'का?' असे विचारावे. भाडे वेळेवर येते का, पाण्याचा नळ कोणी उघडा टाकतो का, रात्री दंगा होतो का, एवढे विचारण्याचा संस्थेला अधिकार आहे. त्यापलीकडचे प्रश्न गिळावेत. युनियनवाल्यांनी खोलीचे भांडण कक्षेबाहेर आहे असे म्हणू नये. ज्याची खोली गेली त्याची हजेरी जाते आणि हजेरी गेली की नोकरी जाते, हा हिशेब आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि ज्या घरात असे मूल आहे, त्या घराने ते आपल्याच घरात राहू द्यावे. सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त खोली तीच.

यात आपल्याला मिळते काय, असे कोणी विचारील. १९८४ मध्ये ब्रिटनच्या खाण कामगारांचा वर्षभराचा संप झाला, तेव्हा लंडनच्या समलिंगी तरुणांनी डबे फिरवून वेल्समधल्या डुलाइस खोऱ्यातल्या संपकरी कुटुंबांसाठी पैसे जमवले. खाणवाले आधी बिचकले, मग त्यांना घरी जेवायला घेऊन गेले. संप हरला. पण १९८५ च्या जूनमध्ये लंडनला समलिंगींचा मोर्चा निघाला तेव्हा खाण कामगार आपले बॅनर घेऊन त्यात पुढे चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या हक्कांचा ठराव खाण कामगारांच्या मतांच्या आधाराने संमत झाला. अडल्या वेळी जो डबा घेऊन येतो त्याचे आडनाव कोणी विचारीत नाही.

त्या ऑपरेटरने त्या दोन रात्री ज्या बाकावर काढल्या, तो बाक आमच्या कचेरीत अजून आहे. आता कोणी पेटी घेऊन दारात आला तर त्याला गावी जा असे आम्ही सांगत नाही; आधी खोली शोधतो, मग अर्ज लिहितो. रावेतमध्ये कोणाची एखादी खोली रिकामी असेल आणि भाडेकरूला फार प्रश्न विचारायचे नसतील, तर आम्हांला अवश्य कळवावे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.